ग्रीस भरूनही बोटीच्या ट्रेलरचं बेअरिंग का जातं?

प्रश्न थोडक्यात असा. वर्सोव्याच्या एका गृहस्थांची १७ फुटी फायबरची बोट आहे, मागे आउटबोर्ड इंजिन. ट्रेलर इथल्याच फॅब्रिकेटरकडून ३ वर्षांपूर्वी बनवून घेतलेला, चौकोनी पाइपचा, रंगवलेला. शुक्रवारी रात्री निघून पहाटे रेवदंड्याला पोचले आणि लगेच बोट पाण्यात उतरवली. रविवारी संध्याकाळी परत निघाले तर पोयनाडच्या पुढे उजव्या चाकाचं बेअरिंग गेलं. चाक तिरकं झालं, टायर मडगार्डला घासून फाटला, रात्र रस्त्याच्या कडेला काढावी लागली. सोमवारी तिथल्या मेकॅनिकनं उजव्या हबमध्ये, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागात, नवं बेअरिंग घालून दिलं. ते विचारतात, "दर २ महिन्यांनी न चुकता ग्रीसगननं ग्रीस मारतो. रिमच्या आतल्या बाजूलाही ग्रीस आलेलं दिसतं, इतकं भरतो. मग बेअरिंग गेलंच कसं? हा ट्रेलर काढून टाकून गॅल्वनाइज्ड नवा घ्यावा का?"

रिमच्या आत आलेलं ते ग्रीस, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. ते जास्त भरल्याची खूण नाही, मागचं ऑइल सील फुटल्याची खूण आहे.

माझगावला माझं छोटं वर्कशॉप आहे. २४ वर्षं बोटी, आउटबोर्ड आणि ट्रेलर एवढंच काम करतो. रस्त्यात बंद पडून माझ्याकडे आलेल्या ट्रेलरपैकी बहुतेकांचे मालक तुमच्यासारखेच काळजी घेणारे होते. हयगय करणाऱ्याचा ट्रेलर निदान आवाज करतो, दोन-चार महिने घरघरतो. तुमचा ग्रीसनं गच्च भरलेला असल्यामुळे आवाज दाबला गेला आणि आत काय चाललंय ते कळलंच नाही.

हबची रचना डोळ्यांसमोर आणा. दोन टेपर रोलर बेअरिंग असतात, एक आतल्या बाजूला आणि एक बाहेरच्या. दोघांच्या मध्ये पोकळी. सगळ्यांत मागे रबरी ऑइल सील, पुढे डस्ट कॅप. तुमच्यासारख्या ट्रेलरना डस्ट कॅपवरच निप्पल बसवलेलं असतं. तिथून गन मारली की ग्रीस बाहेरच्या बेअरिंगमधून पोकळीत जातं. पोकळी भरली की त्याला जायला एकच जागा उरते, मागचं सील. गनचा दाब चांगलाच असतो. तेवढ्यानं सीलची ओठासारखी कड उलटते, नाहीतर अख्खं सील घरातून सरकतं. त्यानंतर चाक फिरताना ग्रीस रिमवर उडत राहतं आणि हबच्या मागच्या बाजूला एक उघडी फट तयार होते.

आता शुक्रवारची रात्र बघा. मुंबईहून निघालात, पनवेल, पेण, वडखळ, अलिबाग करत रेवदंडा. इतकं अंतर बोटीचं वजन घेऊन फिरलेला हब हाताला चटका बसेल इतका तापू शकतो. समजा ७० अंशांवर गेला. तो तुम्ही २८ अंशांच्या पाण्यात बुडवलात. आतली हवा एका झटक्यात थंड होते आणि साधारण १२ टक्के आकसते. हबमध्ये ५० मिलीलीटर हवा धरली तर ६ मिलीलीटरची जागा रिकामी झाली. ती भरायला बाहेर काय आहे? खारं पाणी. हब ते अक्षरशः तोंडानं ओढल्यासारखं आत ओढतो. सील शाबूत असेल तर बराच अटकाव होतो. तुमचं सील फुटलेलं होतं.

एक चमचा पाणी म्हणजे किती, असं वाटेल. पण समुद्राच्या १ लीटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि ते पाणी आता बाहेर येणार नाही. शनिवार-रविवार ट्रेलर उभा होता. उभ्या चाकात रोलर आणि बाहेरचा कप, म्हणजे रोलर ज्याच्या आत फिरतात ते कडं, जिथे एकमेकांना टेकतात, तिथेच पाणी धरून राहतं. दोन दिवसांत तिथे पोलादावर खाच पडते. पहिल्या खेपेला बेअरिंग मरत नाही. तुमच्या गेल्या ३ वर्षांतल्या प्रत्येक फेरीत थोडं थोडं खाल्लं गेलं आणि रविवारी त्याचा शेवट झाला.

तुटलेल्या बेअरिंगचा बाहेरचा कप अजून असेल तर रॉकेलनं धुऊन उजेडात धरा. आतल्या चकचकीत पृष्ठभागावर ठरावीक अंतरावर काळ्या आडव्या रेघा दिसतील, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. दोन रेघांमधलं अंतर मोजा, दोन रोलरमधल्या अंतराइतकंच भरेल. ट्रेलर उभा असताना रोलर जिथे टेकले होते तिथल्या त्या खुणा. खूप गरम होऊन गेलेलं बेअरिंग निळं-जांभळं पडतं, ग्रीस कमी पडलेल्यावर रेटून घासल्याचे ओरखडे दिसतात. अशी काळी शिडीची खूण मात्र बहुधा पाण्याचीच. मी नव्या पोरांना कामाला घेतो तेव्हा पहिल्या आठवड्यात असा एक कप त्यांच्या हातात देतो.

म्हणून माझं सांगणं एकच आहे: गन बाजूला ठेवा आणि हब उघडून बघायची सवय लावा. बोट खाऱ्या पाण्यात उतरत असेल तर वर्षातून दोनदा. एकदा मेअखेरीस, बोट पावसाळ्यासाठी वर काढताना, आणि एकदा जानेवारीच्या सुमाराला, हंगामाच्या मधोमध. दोन चाकांना मिळून अर्धा दिवस पुरतो.

उघडताना घाई करू नका. चाक जॅकवर घ्या, पण ट्रेलर गाडीला जोडलेलाच असू द्या आणि दुसऱ्या चाकाला पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. आधी चाक हातानं फिरवा आणि दुसरा हात कमानपाट्यावर, म्हणजे ॲक्सलच्या स्प्रिंगवर, ठेवा. खरखर कानाला ऐकू येण्याआधी हाताला कळते. मग डस्ट कॅप काढा आणि काहीही पुसायच्या आधी ग्रीसचा रंग बघा. जसं भरलं तसंच असेल तर उत्तम. दुधाच्या कॉफीसारखं झालं असेल तर त्यात पाणी मिसळलंय. तपकिरी आणि चिमटीत घेतल्यावर कचकच लागणारं असेल तर बेअरिंग गेलं, धुऊन परत घालायच्या भानगडीत पडू नका. माझे वस्ताद अंगठा आणि तर्जनीमध्ये ग्रीस चोळून डोळे मिटायचे आणि सांगायचे, "हे चालेल," "हे नाही." त्यांना डोळ्यांपेक्षा बोटांवर जास्त भरवसा होता आणि ते कधी चुकल्याचं मला आठवत नाही.

बाहेरचं बेअरिंग चांगलं दिसलं म्हणून थांबू नका. पाणी मागून शिरतं, त्यामुळे आतलं बेअरिंग आधी मरतं, आणि ते बघायचं तर हब पूर्ण उतरवावाच लागतो. सील काढताना ते खराब होणारच, ते दर वेळी नवं घाला. दोन ओठांचं सील मिळालं तर तेच घ्या. मग स्पिंडलवर, म्हणजे हब ज्यावर फिरतो त्या ॲक्सलच्या टोकावर, सील जिथे घासतं तिथून नख फिरवा. नख अडकेल इतकी चर पडली असेल तर नवं सीलही गळणार. तिथे बारीक पॉलिश पेपर मारून भागतं का बघा. नाही भागलं तर त्या जागी स्लीव्ह चढवून मिळते, तेही शक्य नसेल तर स्पिंडल बदला.

बेअरिंग घ्यायला नागदेवी स्ट्रीटला जा, आणि जुनं बेअरिंग बरोबर घेऊन जा. त्याच्या कडेवर नंबर कोरलेला असतो. ३०२०५, ३०२०६ असा नंबर असेल तर शेवटच्या दोन आकड्यांना ५ नं गुणा, आतल्या भोकाचं माप मिलिमीटरमध्ये मिळतं: २५, ३०. बाहेरून आलेल्या जेटस्कीच्या ट्रेलरवर मात्र एल ४४६४९ असले इंची नंबर असतात. त्यांच्या जागी जवळपासचं मिलिमीटरचं बेअरिंग ठोकून बसवणारे भेटतील, त्यांना नाही म्हणा. आणि कोन, म्हणजे रोलर असलेला बेअरिंगचा आतला भाग, बदलला की कपही बदला. नव्या कोनाला जुना कप म्हणजे नव्या रोलरना पहिल्याच दिवशी खड्ड्याचा रस्ता. तुमच्या उजव्या चाकात त्या मेकॅनिकनं कप बदलला की नाही, हे फोन करून विचारा.

ग्रीसबद्दल लोक रंग विचारतात. रंगावरून काही कळत नाही, तो कंपनी घालते. डब्यावर काय लिहिलंय ते वाचा. खाऱ्या पाण्यासाठी कॅल्शियम सल्फोनेट कॉम्प्लेक्स सगळ्यांत चांगलं, तो डबा महाग आहे पण दोन चाकांना वर्षानुवर्षं पुरतो. ते नसेल तर पाण्यात टिकणारं म्हणून विकलं जाणारं चांगल्या प्रतीचं लिथियम कॉम्प्लेक्स. ग्रॅफाइटचं काळं ग्रीस बेअरिंगमध्ये घालू नका, खाऱ्या पाण्यात ग्रॅफाइट पोलादाला आणखी लवकर खायला लावतं. दोन जातींची ग्रीस मिसळू नका, काही जोड्या एकत्र आल्या की पातळ होऊन वाहून जातात. जात बदलायची असेल तर जुनं रॉकेलनं पूर्ण धुवा, पूर्ण सुकवा, मग नवं. भरताना तळहातावर गोळा घ्या आणि बेअरिंगची रुंद कड त्यावर दाबत राहा, रोलरच्या वरच्या बाजूनं ग्रीसचे किडे बाहेर येईपर्यंत. हे हातानंच होतं.

बसवताना नट घट्ट करत हब फिरवा म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतील. मग नट सैल सोडा आणि नुसत्या बोटांनी टेकेपर्यंत परत फिरवा. स्प्लिट पिन भोकात बसत नसेल तर नट थोडा मागे घ्या, पुढे नाही. चाक वर-खाली हलवलं तर अगदी किंचित जाणवेल एवढा खेळ हवा. टेपर बेअरिंग कचकचून आवळलं की ते तापून मरतं, आणि रस्त्याकडेच्या दुरुस्तीत नेमकं हेच होतं. पिन नवी घाला, जुनी सरळ करून वापरू नका.

डस्ट कॅपच्या जागी बसणारी स्प्रिंगवाली टोपी मिळते. ती आतल्या ग्रीसवर हलका दाब ठेवते, त्यामुळे थंड झाल्यावर हब पाणी ओढत नाही. वस्तू चांगली आहे, मी बसवतो. पण तिलाही निप्पल असतं आणि माणसाला गन मारत राहायचा मोह होतो. टोपीतली चकती थोडी पुढे आली की थांबायचं.

आता धक्क्यावरची गोष्ट. पोचल्यावर लगेच बोट उतरवू नका. हबला हात लावा, आणि हात आरामात ठेवता येईल तेव्हाच पाण्याकडे जा. अर्धा-पाऊण तास लागतो, तेवढ्यात बोटीचे पट्टे सोडा, ड्रेन प्लग लावा, इंधन बघा. यात एक पैसा खर्च होत नाही आणि माझ्या मते तुमचा अर्धा प्रश्न इथेच सुटतो. दुसरं, हब बुडवायची गरजच कमी करा. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाला भरती-ओहोटीतला फरक ४ मीटरच्या वर जातो. ओहोटीला उताराचा खालचा भाग शेवाळ आणि गाळानं भरलेला उघडा पडतो. तिथे गाडी घसरते म्हणून माणूस ट्रेलर आणखी खोल ढकलतो, आणि हब, पाटे, दिवे सगळं त्या काळ्या गाळात जातं. भरतीच्या वेळेला गेलात तर स्वच्छ काँक्रीटवर काम होतं. वेळ ॲपवर मिळते. नाहीतर तिथीची पाऊणपट करा, आमच्याकडचे जुने खलाशी तसंच करतात: अष्टमीला भरती साधारण ६ वाजता. ढोबळ आहे, पण ठरवायला पुरतं.

परत आल्यावर धुणं. हे सगळे करतात, पण मुंबईत त्यात एक खोच आहे. वर्सोवा, मढ, मार्वे या पट्ट्यात पुष्कळ सोसायट्यांत वरकामाला बोअरचं पाणी असतं आणि ते बऱ्याच ठिकाणी मचूळ असतं. अशा पाण्यानं ट्रेलर धुणं म्हणजे समुद्राचं मीठ काढून जमिनीतलं मीठ लावणं. खात्री करायची तर काळ्या काचेवर किंवा तव्याच्या पाठीवर त्या पाण्याचे चार थेंब उन्हात सुकू द्या. पांढरं वर्तुळ राहिलं तर ते पाणी वापरू नका. पालिकेचं नळाचं पाणी तानसा, वैतरणा, भातसा या तलावांचं, गोडं असतं. नळी नसेल तर बादलीनं पुन्हा पुन्हा ओता. प्रेशर जेट हब आणि सीलवर मारू नका, त्या दाबानं पाणी सीलच्या आत घुसतं. साधी नळी, भरपूर प्रवाह, पाट्यांच्या मधून आणि पाइपच्या तोंडातून आतपर्यंत. गाळ असेल तर आधी ब्रशनं काढा, सुकलेला गाळ मीठ धरून बसतो.

"आज वेळ नाही, उद्या धुऊ, सुकल्यावर गंज थोडाच चढतो," हे मी फार ऐकतो. समुद्राचं मीठ मुंबईत धड सुकतच नाही. त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात आणि ते हवेतली आर्द्रता ३३ टक्क्यांच्या वर गेली की ओलावा ओढून घेतात. साधं मीठ ७५ टक्क्यांच्या आसपास पाझरतं. आपल्याकडे वर्षातला बहुतेक काळ हवा ३३ टक्क्यांहून दमट. तुमच्या स्वयंपाकघरातली मिठाची बरणी जुलैत कशी होते, तसाच तुमचा ॲक्सल असतो, फक्त बारा महिने.

यातूनच एक उलटी वाटणारी गोष्ट येते. ज्यांचा ट्रेलर पावसात उघड्यावर असतो त्यांच्यापेक्षा शेडमध्ये ठेवणाऱ्यांच्या ट्रेलरचा खालचा भाग कित्येकदा जास्त खाल्लेला निघतो. पाऊस मीठ धुऊन काढतो. शेडमध्ये मीठ जिथल्या तिथे राहतं आणि दमट हवेत चार महिने काम करत राहतं. शेड हवीच, टायर आणि बोटीसाठी, पण आत ठेवण्याआधी ट्रेलर उलटापालटा धुतलेला पाहिजे. कोळीवाड्यात होड्या शाकारतात तेव्हा आधी त्या घासून-धुऊनच वर काढतात, झाप घालायचं काम नंतरचं.

सांगाड्याकडे येतो. तुमचा चौकोनी पाइपचा आहे. तो आतून गंजतो, बाहेरचा रंग शेवटपर्यंत छान दिसतो. लहान हातोडीनं पाइपच्या खालच्या कडेला टकटक करत जा. चांगलं लोखंड टणटणतं, खाल्लेलं बद्द वाजतं. वेल्डिंगच्या शिवणीतून तपकिरी ओघळ उतरला असेल तर पाणी आतून बाहेर येतंय. प्रत्येक पाइपच्या सगळ्यांत खालच्या टोकाला ८-१० मिलिमीटरचं भोक हवं, नसेल तर पाडा, आणि दर धुण्याच्या वेळी नळी आत घालून पाणी वाहू द्या. गंजावर नुसता रंग मारून काही होत नाही, खालचं मीठ वर पोपडे आणतं. आधी धुवायचं, मग वायर ब्रश, परत धुवायचं, सुकवायचं, मग जस्तयुक्त प्रायमर.

कमानपाटे मात्र नीट बघा, कारण ते एकदम तुटतात. पाट्यांच्या मध्ये मीठ आणि पाणी अडकतं, पृष्ठभागावर बारीक खळगे पडतात आणि खड्ड्यात आदळल्यावर तडा तिथूनच सुरू होतो. मी पाहिलेले बहुतेक पाटे सेंटर बोल्टच्या जवळ किंवा टोकाच्या गोल डोळ्यापाशी तुटलेले होते. यू-बोल्टची आटे असलेली बाजू बघा, गंजून बारीक झालेला बोल्ट आवळताना नाही तुटत, चालत्या ट्रेलरमध्ये तुटतो. पाट्यांना जळकं ऑइल चोपडायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. मला ती मान्य नाही. पुढच्या खेपेला ट्रेलर पाण्यात गेला की तेलाचा तवंग धक्क्यावर पसरतो, आणि जिथे आपण बोट घालतो तिथेच कुणीतरी जाळं टाकतो. लॅनोलिनचा किंवा मेणाचा फवारा मिळतो, तो चिकटून राहतो. तो वापरा.

कोणीतरी तुम्हाला ट्रेलरला जस्ताचा ठोकळा लावायला सांगेल, बोटीच्या इंजिनाला असतो तसा. तो पाण्यात बुडालेला असतानाच काम करतो. तुमचा ट्रेलर पाण्यात १० मिनिटं असतो, बाकी सगळा काळ हवेत. पैसे वाचवा.

दिव्यांचं सोपं आहे. उतारावर जायच्या आधी दिव्यांचा प्लग काढा. सीलबंद एलईडी लावा. अर्थिंग सांगाड्यातून घेऊ नका, वेगळी वायर ओढा, कारण गंजलेल्या सांगाड्यातून अर्थिंग तुटतं आणि ब्रेक लावल्यावर इंडिकेटर लागतो. वायर कापल्यावर तांब्यावर हिरवी भुकटी दिसली तर ती मागेपर्यंत गेलेली असते, जोड देत बसू नका. विंचचा, म्हणजे बोट ट्रेलरवर ओढायच्या रहाटाचा, पट्टा उन्हानं विरतो, कडा झिजल्या की बदला, आणि रस्त्यावर बोट नुसत्या विंचवर कधीच सोडू नका, पुढे वेगळी साखळी आणि मागे पट्टे हवेतच. टायर झिजत नाहीत, म्हातारे होतात. कडेला चार आकडी तारीख असते, २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा.

आता नव्या ट्रेलरचं. तुमचा सांगाडा हातोडीला टणटणत असेल तर नवा घेऊ नका. तुमचा बिघाड हबचा होता आणि गॅल्वनाइज्ड ट्रेलरचा हबही असंच पाणी पितो. सांगाडा बद्द वाजला तर मात्र घ्या, आणि घेताना "गॅल्वनाइज्ड" हा शब्द ऐकून थांबू नका. खरं हॉट डिप म्हणजे सगळं वेल्डिंग, सगळी भोकं झाल्यावर पूर्ण सांगाडा साधारण ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवणं. ३ ते ६ मिलिमीटर जाडीच्या लोखंडावर त्याचा थर सरासरी ७० मायक्रॉन बसतो आणि पाइपच्या आतही बसतो. इलेक्ट्रोप्लेटिंगचा थर बहुतेक वेळा १० मायक्रॉनच्या आसपास, आतून काहीच नाही. चंदेरी स्प्रे मारून तेच नाव सांगणारेही आहेत. थर मोजायचं छोटं यंत्र मिळतं, फॅब्रिकेटरसमोर लावून बघा. आणि बुडवून आल्यावर कुणी कंस वेल्ड करून लावला असेल तर त्या जागचं जस्त जळालं, तिथून गंज सुरू. शक्य असेल तर बंद पाइपऐवजी सी-चॅनल घ्या. दिसायला साधा, पण नळीच्या पाण्याला सगळीकडे पोचता येतं. आणि नवा असो की जुना, नोंदणी नीट करून घ्या. १९८८च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे वाहनच धरलंय.

मे महिन्यात, मासेमारी बंदी १ जूनला सुरू होते त्याच्या आधी, बोट वर येईल. तेव्हा ट्रेलरला चार महिने चाकांवर उभा ठेवू नका. ॲक्सल ठोकळ्यांवर घ्या, हब उघडून, नवं ग्रीस भरून बंद करा, आणि दर पंधरा दिवसांनी चाकं हातानं चार वेढे फिरवा म्हणजे ग्रीसचा थर सगळीकडे राहील.

रस्त्यात परत असं झालं तर काय करायचं तेही सांगतो. निघाल्यावर १५-२० किलोमीटरवर थांबा आणि दोन्ही हबना हाताची पाठ लावा. दोन्ही सारखे कोमट असतील तर पुढे चला. एक दुसऱ्यापेक्षा स्पष्ट जास्त गरम असेल तर तिथेच थांबा, "वडखळपर्यंत नेऊ" म्हणू नका. गरम हबवर पाणी ओतू नका. आणि गाडीत एक भरलेला हब ठेवा: कप, दोन्ही बेअरिंग, ग्रीस आणि सील बसवून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. सोबत नट, दोन स्प्लिट पिना, ट्रेलरच्या चाकाचा पाना, कारण गाडीचा बहुधा लागत नाही, आणि जॅकखाली घालायला जाड लाकूड. रस्त्याच्या कडेला रात्रीच्या अंधारात बेअरिंग भरत बसण्यापेक्षा अख्खा हब बदलणं अर्ध्या तासाचं काम आहे. स्पिंडल ओरखडलं नसेल तर त्यावर घरी याल.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नात नाही. उजवं चाक दुरुस्त झालं. डाव्या हबनंही तेवढीच गन खाल्ली आहे, तेवढाच रस्ता तापत पार केलाय आणि त्याच पहाटे, त्याच पाण्यात तो बुडाला आहे. तो उघडा. बोट पुन्हा पाण्यात घालायच्या आधी.